जुन्या मोटारसायकलची परीक्षा: ज्ञान कुठवर, विश्वास कुठून

वापरलेली मोटारसायकल घेण्याआधी तपासून पाहणे हे वरवर मिस्त्रीचे काम वाटते. त्याच्या मुळाशी मात्र दोन जुने प्रश्न आहेत. ज्या वस्तूचा भूतकाळ पाहिलेला नाही, तिच्याविषयी माणसाला काय कळू शकते आणि कशावरून, हा पहिला. तपासूनही जे कळणार नाही ते सांगण्याचे बंधन विकणाऱ्यावर आहे का, हा दुसरा. पहिल्याचा विचार भारतीय प्रमाणशास्त्राने केला आहे, दुसऱ्याचा धर्मशास्त्राने. हे दोन्ही विचार एकत्र ठेवल्याशिवाय कोणत्याही एका प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

भोपाळसारख्या शहरात हे प्रश्न रोजचे आहेत. एमपी-04 क्रमांकाच्या जुन्या गाड्या विद्यार्थी, भेलच्या कारखान्यातले कामगार, मंडीदीपला ये-जा करणारे नोकरदार यांच्यात या हातून त्या हाती जात असतात. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून इथे आलेल्या मराठी घरांत एमएच क्रमांकाची गाडीही असते, आणि बदली झाली की ती विकावी लागते. घेणाऱ्याच्या दृष्टीने गाडीची किंमत म्हणजे कित्येक महिन्यांची बचत. म्हणून हा व्यवहार किरकोळ मानून चालत नाही.

परीक्षा ही विद्या

भोपाळच्या मोठ्या तलावाचे श्रेय परंपरा अकराव्या शतकातील परमार राजा भोज याला देते. याच भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात रत्ने, शस्त्रे, घोडे, हत्ती आणि नौका यांची चांगली-वाईट लक्षणे सांगितली आहेत. घोडा विकत घेण्यापूर्वी त्याची लक्षणे पाहणे हा घोडेवाल्याचा अपमान नव्हता. ती शिकण्यासारखी विद्या होती आणि राजानेही ती शिकावी अशी अपेक्षा होती.

धर्मशास्त्राने या परीक्षेला कायद्याचे रूप दिले. खरेदी करून पश्चात्ताप होणे, म्हणजे ‘क्रीतानुशय’, हे स्मृतिकारांनी व्यवहारातल्या वादांचे एक स्वतंत्र पद मानले. घेणाऱ्याने माल आधी तपासावा, पसंत करून घेतलेला माल मग परत करू नये, असे नारद सांगतो. बृहस्पतीच्या मते माल स्वतः पाहावा आणि इतरांनाही दाखवावा. ओळखीचा मिस्त्री सोबत नेण्याची आजची रीत याच उपदेशाला धरून आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत तर परीक्षेची मुदत मालाप्रमाणे ठरवली आहे: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, आजच्या महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बसवकल्याणमध्ये लिहिली, आणि पुढे भारताच्या मोठ्या भागात ती प्रमाण मानली गेली.

या मुदतींमागचा विचार मोलाचा आहे. दोष उघडा पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ परीक्षेला मिळाला पाहिजे. लोखंडाचा दोष हाताळताच दिसतो, बियाण्याचा पेरल्यावर, जनावराचा कामाला जुंपल्यावर. मोटारसायकल लोखंडही आहे आणि वाहनही. तिची चौकट उभ्या उभ्या पारखता येते, पण तिची चाल पारखायला ती चालवावीच लागते. दहा मिनिटांत उरकलेली पाहणी अपुरी राहते ती यामुळे.

प्रत्यक्ष

न्यायदर्शनाने चार प्रमाणे मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रिय आणि वस्तू यांच्या संपर्कातून होणारे ज्ञान. पण न्यायसूत्राने त्याला अटी घातल्या आहेत: ते न चळणारे आणि निश्चयात्मक असले पाहिजे. जे दिसते ते सगळेच प्रत्यक्ष प्रमाण नव्हे.

जुन्या गाडीच्या बाबतीत या अटी पाळण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. गाडी दिवसाच्या उजेडात आणि कोरडी असताना पाहावी, कारण दिव्याखाली रंगातला फरक लपतो आणि नुकत्याच धुतलेल्या पत्र्यावर ओरखडे बुजतात. इंजिन थंड असताना सुरू करावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पहिल्या किकला सुरू होते आणि सुरुवातीची कुरबुर झाकली जाते. म्हणून किल्ली लावण्याआधी इंजिनाला जपून हात लावून पाहतात. ऑइल काढून त्याचा रंग पाहतात. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेल ओघळले असेल तर सील गेले आहेत. पुढचे चाक उचलून हँडल दोन्हीकडे फिरवताना मधेच अडकले तर कोनसेट खराब आहे. मागचे चाक धरून आडवे हलवताना खेळ जाणवला तर स्विंगआर्मचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग झिजले आहे. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांतून तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते कळते.

अनुमान

प्रत्यक्षाची धाव वर्तमानापुरती असते. गाडीचा भूतकाळ अनुमानानेच गाठावा लागतो. न्यायशास्त्रातील ‘शेषवत्’ अनुमान कार्यावरून कारणाकडे जाते. नदी फुगून गढूळ वाहते आहे, तेव्हा वर कुठेतरी पाऊस झाला, हे त्याचे परंपरागत उदाहरण. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तेव्हा ऑइल जळते आहे आणि पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत, हे अनुमान त्याच जातीचे. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचे सांगतो. चेन-स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर गाडी बरीच पळालेली आहे. सीटखालच्या खोबणीत आणि हेडलाइटच्या आत गाळाचा थर असेल तर ती पुराच्या पाण्यात उभी राहिली होती. चौकटीवर एकाच जागी नवा रंग आणि त्याखाली वेल्डिंगची शिवण असेल तर ती अपघातातून आलेली आहे.

अनुमान चुकते तेव्हा का चुकते, याचाही विचार नैयायिकांनी केला. हेतू (ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती) साध्याशिवायही, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट नसतानाही, आढळत असेल तर तो ‘सव्यभिचार’, म्हणजे भरवशाचा नसलेला. ‘मीटरवर किलोमीटर कमी, म्हणून गाडी कमी वापरलेली’ हे अनुमान असेच फसवे आहे, कारण मीटर बदलता येतो आणि मागेही फिरवता येतो. त्याऐवजी पायाखालचे रबर, हँडलच्या मुठी आणि ब्रेकचा पेडल किती झिजला आहे ते पाहावे. मीटर कमी सांगत असेल आणि रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा. दुसरी चूक ‘उपाधी’, म्हणजे मधली लपलेली अट, न ओळखण्याची. अग्नी असला की धूर असतोच असे नाही, तिथे ओले सरपण लागते. तसाच डिसेंबरच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारा पांढरा वाफारा इंजिनाचा दोष नसून थंडीचा परिणाम असतो. इंजिन तापल्यावर तो नाहीसा झाला तर चिंता नको. उपाधी न ओळखणारा गिऱ्हाईक चांगली गाडी सोडतो किंवा विकणाऱ्यावर विनाकारण संशय घेतो.

अनुमानाची अखेरची कसोटी कृतीत आहे. ज्ञानाप्रमाणे वागल्यावर काम साधले तर ते ज्ञान खरे, याला वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात ‘प्रवृत्तिसामर्थ्य’ म्हटले आहे. भोपाळ टेकड्यांचे शहर आहे. ईदगाह हिल्स किंवा श्यामला हिल्सच्या चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला आणि इंजिनाचा आवाज वाढूनही गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. उतारावर ब्रेक, मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येते का, हे सारे चालवूनच कळते.

शब्द

यानंतर येते ते विकणाऱ्याचे सांगणे. शब्द हे प्रमाण आहे, पण तो आप्ताचा शब्द असला पाहिजे. वात्स्यायनाच्या मते ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. ही व्याख्या ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखीच लागू होते, असे तो स्पष्ट म्हणतो. आप्तता जन्मावर किंवा प्रतिष्ठेवर अवलंबून नाही. गाडीच्या मालकाकडे पहिली अट पुरेपूर असते. ती कुठे पडली, कधी उघडली, किती ऑइल पिते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दुसऱ्या अटीबद्दल मात्र शंका राहते, कारण खरे सांगण्याने त्याला किंमत कमी मिळते.

इथे दर्शनांचा एक प्रसिद्ध वाद उपयोगी पडतो. मीमांसकांच्या मते ज्ञान मुळात प्रमाणच असते. त्याला छेद देणारे दुसरे ज्ञान झाले किंवा त्याच्या कारणात दोष आढळला, तरच ते सोडावे. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, पडताळणीने कळते. पहिल्या मताने विकणाऱ्यावर विश्वास ठेवून सुरुवात करावी, दुसऱ्या मताने तपासूनच ठेवावा. पण व्यवहारात हे अंतर वाटते तेवढे मोठे नाही. विकणाऱ्याचा स्वार्थ हा संभवणारा कारणदोष आहे, तेव्हा मीमांसकालाही इथे तपासणी नाकारता येत नाही. आणि प्रत्येक पडताळणीचीही पडताळणी मागत बसले तर नैयायिकाचा व्यवहारच थांबेल. तपासणी म्हणजे अविश्वासाची घोषणा नव्हे, विश्वासाला जागा करून देण्याची ती रीत आहे.

सरकारी कागद हाही शब्दच, फक्त ज्याला गाडी विकून काही मिळवायचे नाही अशाचा. आरसीवरील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावेत. कोरलेले आकडे घासलेले किंवा पुन्हा ठोकलेले दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर फायनान्स कंपनीचा नाहरकत दाखला आणि फॉर्म 35 लागतो. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचे फॉर्म 28 वरील नाहरकत प्रमाणपत्र लागते. विमा, पीयूसी आणि न भरलेली चलने पाहणे हाही याच परीक्षेचा भाग.

न दिसण्याची सीमा

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी ‘अनुपलब्धी’ हे आणखी एक प्रमाण मानले: वस्तू आढळली नाही यावरून ती नाही असे कळणे. त्याला त्यांनी एक महत्त्वाची अट जोडली. ती वस्तू असती तर आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर भांडे दिसले नाही तर ते तिथे नाही. अंधारात दिसले नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

जुन्या गाडीच्या परीक्षेची खरी मर्यादा या अटीत आहे. टायरवर चीर दिसली नाही, म्हणजे चीर नाही. पण क्रँकचे बेअरिंग आतून किती झिजले आहे, गिअरबॉक्समधल्या एखाद्या दाताला तडा आहे का, चौकट एकदा वाकून सरळ केली आहे का, हे इंजिन न उघडता आणि मोजमाप न करता दिसणारच नसेल, तर ‘मला काही दोष दिसला नाही’ या वाक्याला तिथे किंमत उरत नाही. कितीही हुशार मिस्त्री सोबत असला तरी परीक्षेच्या पलीकडे एक प्रदेश शिल्लक राहतो. त्या प्रदेशाचे ज्ञान एकाच माणसाकडे असते, आणि तो विकणारा असतो.

सांगण्याचा धर्म

म्हणून ज्ञानाचा प्रश्न इथे नीतीच्या प्रश्नात शिरतो. याचे उत्तर देताना वेगवेगळ्या धर्मपरंपरा आश्चर्यकारकरीत्या जवळ येतात.

मनुस्मृती सदोष, भेसळीचा किंवा झाकून ठेवलेला माल विकण्यास मनाई करते. निर्दोष दाखवून सदोष देणाऱ्याने दुप्पट किंमत द्यावी आणि तेवढाच दंड भरावा, असे नारद सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रोगी जनावर धडधाकट म्हणून विकणाऱ्याला बारा पणांचा दंड आहे आणि चतुष्पाद परत करण्यास तीन पंधरवड्यांची मुदत आहे. घेणाऱ्याने तपासावे असे बजावणाऱ्या परंपरेनेच लपवणाऱ्याला दंड सांगितला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तपासणे हे एकाचे कर्तव्य झाले म्हणून सांगणे हे दुसऱ्याचे कर्तव्य सरले नाही.

जैन परंपरेत ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या अचौर्यव्रताचे अतिचार दिले आहेत. त्यांत चोरीचा माल घेणे आणि नकली माल असली म्हणून चालवणे हे दोन्ही येतात. चेसिस क्रमांक न जुळणारी गाडी ‘स्वस्त पडते’ म्हणून घेणारा हा या दृष्टीने नुसता बेफिकीर गिऱ्हाईक नसतो. चोरीचा दोष त्यालाही लागतो.

इस्लामी परंपरेतील एक हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणारा आपल्यातला नव्हे असे सांगितले. पाऊस पाडणे विक्रेत्याच्या हाती नव्हते, ओले धान्य खाली ठेवणे त्याच्या हाती होते. दोष असणे आणि दोष लपवणे यांतला फरक याहून स्पष्ट करता येणार नाही. भोपाळच्या शाहजहान बेगमचे पती आणि एकोणिसाव्या शतकातील हदीसचे मोठे विद्वान सिद्दीक हसन खान यांनी याच ‘सहीह मुस्लिम’च्या संक्षेपावर भाष्य लिहिले. इस्लामी विधिशास्त्राने गिऱ्हाईकाला दोषामुळे माल परत करण्याचा हक्क दिला. मात्र ‘आहे तशी’ या अटीवर विकून विक्रेत्याला मोकळे होता येते का, यावर मतभेद राहिला. हनफी मताने ही सूट ग्राह्य आहे. शाफिई आणि मालिकी मतांनी ती बरीच आखडली, आणि ठाऊक असून दडवलेल्या दोषाला तिचे छत्र दिले नाही.

युरोपातही हाच वाद झाला. सिसेरोने इसवी सनपूर्व 44 मध्ये लिहिलेल्या कर्तव्यांवरील ग्रंथात दोन स्टोइक आचार्यांची मते समोरासमोर ठेवली. डायोजेनीसच्या मते कायदा मागतो तेवढे दोष सांगितले की पुरे. अँटिपेटरच्या मते विकणाऱ्याला ठाऊक असलेले सारे घेणाऱ्यालाही कळले पाहिजे. सिसेरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनसने त्यात एक भेद केला: घोडा एका डोळ्याने आंधळा असणे उघड दिसते, ते किंमत रास्त असल्यास सांगितले नाही तरी चालेल, पण दडलेला आणि धोक्याचा दोष सांगितलाच पाहिजे. हा भेद आणि मीमांसकांची अनुपलब्धीची अट एकाच जागी येऊन मिळतात. जिथे परीक्षा पोहोचते तिथे मौन खपते, जिथे ती पोहोचत नाही तिथे मौन असत्य ठरते.

या मौनाची झळ एका गिऱ्हाईकापुरती राहत नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले की, चांगली आणि वाईट गाडी ओळखता येईनाशी झाली की गिऱ्हाईक सर्वांनाच कमी भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि वाईट गाड्या तेवढ्या उरतात. या कामासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. फसवणारा एका घेणाऱ्याबरोबर दुसऱ्या प्रामाणिक विकणाऱ्यालाही लुबाडतो. तुकोबांनी संसारी माणसाला धन मिळवायला मनाई केली नाही, ते चोख व्यवहाराने मिळवावे एवढाच आग्रह धरला. त्यामागचे सामाजिक कारण यातून दिसते.

कायदा कुठे थांबतो

भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 17 मध्ये केवळ गप्प राहणे ही फसवणूक मानलेली नाही. तिथले उदाहरण घोड्याचेच आहे: लिलावात सदोष घोडा विकताना मालक काहीच बोलला नाही तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारा ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निकोप आहे असे मी धरीन’ असे म्हणाला आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. यातून गिऱ्हाईकाने घ्यायचा धडा सरळ आहे. ‘गाडीचा अपघात झाला आहे का? इंजिन उघडले आहे का? पुरात बुडाली होती का?’ हे प्रश्न तोंडाने विचारावेत आणि उत्तरे विक्रीच्या कागदावर लिहून घ्यावीत. मालविक्री कायदा, 1930 याच्या कलम 16 नुसार, गिऱ्हाईकाने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल विक्रेत्याची गर्भित हमी राहत नाही.

घेणाऱ्याचीही कर्तव्ये आहेत. नसलेले दोष काढून गरजू माणसाचा भाव पाडणे हेही असत्यच. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते, त्यासाठी फॉर्म 29 आणि 30 आहेत. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नोंदणी ज्याच्या नावावर राहिली तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. गाडी नावावर करून घेण्यास टाळाटाळ करणारा गिऱ्हाईक आपल्या चुकीचे ओझे दुसऱ्याच्या माथी ठेवतो.

कायदा किमान मर्यादा आखतो, धर्म त्यापुढची वाट दाखवतो. प्रमाणशास्त्र आणि धर्मशास्त्र मिळून देतात ते उत्तर असे: परीक्षा जिथवर पोहोचते तिथवर जबाबदारी घेणाऱ्याची, आणि जिथे ती संपते तिथून विकणाऱ्याची. घेणाऱ्याने संकोच न करता तपासावे, विकणाऱ्याने तपासणीचा राग धरू नये, आणि विचारले जाण्याची वाट न पाहता दडलेला दोष स्वतः सांगावा. त्या गाडीवरून उद्या कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी घाट उतरणार आहे. सैल ब्रेक किंवा वाकलेली चौकट लपवून मिळालेले चार-पाच हजार रुपये त्या जिवापेक्षा मोठे नाहीत.